टीव्ही इंचाला किती पडतो हे गणितच गंडलंय
स्वस्त टीव्हींवरच्या लेखात किंमत भागिले इंच करून मोठ्या टीव्हीपेक्षा 32 इंचीला स्वस्त ठरवलंय, पण इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप, आपण बघतो अख्खा पडदा ना राव! समजा 32 वाला 10 हजार आणि 43 वाला 18 हजार, तर इंचाला पडतात साधारण 312 आणि 419, पण क्षेत्रफळ काढा, 437 आणि 790 चौरस इंच, म्हणजे दोन्हीकडे चौरस इंचाला 23 रुपयांच्या आसपासच की. त्यात 32 मध्ये बहुतेक एचडी रेडीच (फुल एचडीपेक्षा कमी स्पष्ट चित्राचे) मिळतात. आणि 32 च्या वरच्यांवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 28 चा 18 टक्के झालाय. आमच्या कोपरखैरण्याच्या हॉलमध्ये सोफा ते भिंत जेमतेम सात फूट, तरी 43 बरोब्बर बसतो. आवाज मात्र बजेटवाल्या सगळ्यांचाच डबा, साउंडबारचे (टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरचे) पैसे वेगळे धरा.