माध्यमांचे वाभाडे काढणारा सिनेमा कसा काढावा

परवा असाच एक ‘माध्यमांचा बुरखा फाडणारा’ सिनेमा पाहिला. पाहिला कसला, भोगला. मध्यंतरात शेजारचे गृहस्थ भारावून म्हणाले, “काय डेअरिंग केलंय!” हे डेअरिंग तुम्हालाही सहज जमेल, साहित्य फार लागत नाही.

आधी एक अँकर घ्या. तो किंचाळला पाहिजे. मेकअपवाली गालावर पफ फिरवत असताना त्याने कुणाच्या तरी मरणाबद्दल “हे किती वेळ चालेल?” एवढं विचारलं, की झाली तुमची माध्यमचिकित्सा.

मग एक प्रामाणिक पत्रकार. दाढी, झोळी, मोडलेला संसार. बातमी त्याला पेनड्राइव्हमध्ये आयती मिळते. ‘स्पॉटलाइट’वाल्यांनी (२०१५) उगाच पत्रकारांना चर्चच्या जुन्या डिरेक्टऱ्या उघडून बसवलं, ओळीखाली पट्टी धरून ‘आजारपणाच्या रजेवर’ दाखवलेले, म्हणजे मुलांवर अत्याचार करून लपवले गेलेले पाद्री एकेक करून शोधायला लावले. ऑस्कर मिळालं म्हणून काय झालं? एक धड पाठलाग नाही! आणि ‘सिंहासन’मधल्या (१९७९) पत्रकार दिगू टिपणीससारखा सगळं कळणारा, पण काहीच करू न शकणारा माणूस तर नकोच. निळू फुले शेवटी वेड्यासारखे हसत सुटतात. प्रेक्षकाने घरी काय घेऊन जायचं?

उपसंपादक दाखवू नका. असतो कोण तो?

मालकही नको. ‘नेटवर्क’ने (१९७६) ही चूक केली. त्यातला वृत्तनिवेदक हॉवर्ड बील पडद्यावर ओरडतो, तेवढी क्लिप पुरे होती. आपण फिरवतोही तेवढीच. पण पटकथाकार चायेफ्स्कीने त्याला कंपनीच्या अध्यक्षासमोर नेऊन बसवलं. तो साहेब त्याला समजावतो, देशबिश काही नसतं बाबा, असतो तो पैसा. बील तेच पडद्यावर सांगू लागतो, टीआरपी कोसळतो, पण साहेबाला तो हवाच असतो. काढता येत नाही म्हणून खालचे अधिकारी बैठक घेऊन त्याला मारायचं ठरवतात. असलं दाखवलं तर तुमच्या सिनेमाला पैसे कोण देणार?

आता मुख्य पदार्थ: दुःख. ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी टाका. मेलेल्या पोराची आई घ्या. बातमीदार तिच्या तोंडासमोर माइक धरतो, प्रेक्षक चुकचुकतात. तुमचा कॅमेरा कुठे ठेवायचा? अगदी त्या माइकच्या शेजारी. त्याहून थोडा पुढेच. माइक दोन मिनिटांत हलतो, तुम्ही हलू नका. स्लो मोशन लावा, व्हायोलिन लावा, थेंब गालावरून हनुवटीपर्यंत येईतो थांबा. मी थांबलो होतो ना खुर्चीत! ती खरी बाई कुठेतरी जिवंत आहे, तिला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न अख्ख्या सिनेमात एकाही पात्राला पडला नाही. दिग्दर्शक बिली वायल्डरला तो १९५१ मध्ये पडला होता. ‘एस इन द होल’मध्ये गुहेत अडकलेल्या माणसाला लवकर बाहेर काढता येत असतं, पण बातमी लांबावी म्हणून पत्रकार डोंगर वरून पोखरायला लावतो. माणूस आत मरत असतो आणि बाहेर जत्रा भरते, पाळणे येतात, आत जायचं तिकीट वाढत जातं. कॅमेरा त्या गर्दीवर. म्हणजे आपल्यावर. लोकांनी सिनेमा पाडला, स्टुडिओने नाव बदलून पाहिलं.

‘पीपली लाइव्ह’ (२०१०) काढणाऱ्या अनुषा रिझवी स्वतः वृत्तवाहिनीत काम केलेल्या. आत्महत्या करणार म्हणून गाजलेल्या शेतकरी नत्थाच्या विष्ठेवरून त्याची मनःस्थिती सांगणारा बातमीदार आपल्याला आठवतो, हसतो आपण. माती खणता खणता त्याच खड्ड्यात मेलेला होरी महतो किती जणांना आठवतो? चॅनेलवाल्यांनी त्याला दाखवलं नाही, आणि आपणही विसरलो.

शेवटची पायरी: प्रदर्शनाच्या आठवड्यात त्याच किंचाळणाऱ्या अँकरच्या शेजारी जाऊन बसा.

कारण परवाच्या त्या सिनेमाचा नायक खरंच बसला होता. ज्या वाहिन्यांना तीन तास शिव्या घातल्या, त्यांच्याच स्टुडिओत हसत होता, आणि अँकर त्याच्या ‘धाडसा’चं कौतुक करत होता. दोघांनाही लाज नाही. आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपल्याला तरी कुठे आहे? घरी येऊन तोच तमाशा लावून जेवायला बसतो. अहो दिग्दर्शक, एकदा जाहिरातदाराचं नाव घ्या, मालकाला कॅमेऱ्यासमोर बसवा, त्या बाईला आधी विचारा. जमत नसेल तर मुकाट्याने प्रेमकथा काढा.