डबा टीव्ही विकताय? मग घासाघीस नीट करा

दिवाळीची साफसफाई निघाली की घराघरात एकच प्रश्न, माळ्यावरचा डबा टीव्ही, दोन मेलेले फोन, बॅटरी फुगलेला लॅपटॉप आणि "लागेल कधीतरी" म्हणून बिस्किटांच्या डब्यात कोंबून ठेवलेला वायरींचा गुंता, या सगळ्याचं करायचं काय. घाबरू नका, मी या बाबतीत अनुभवी माणूस आहे, सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे ते अधिकृत रिसायकलर वगैरेच्या नादी लागू नका. मी लागलो होतो. फोन केला तर म्हणे एवढ्याशा मालासाठी गाडी पाठवायची तर भाडं तुम्ही द्या. म्हणजे टीव्ही आमचा आणि वर पैसेही आम्हीच मोजायचे? अहो, दुधाच्या पिशव्या धुवून वाळवून विकणारी माणसं आपण! त्यापेक्षा आपला भंगारवाला बरा, दारात येतो, रोख देतो, आणि टीव्ही तीन मजले खाली उतरवायला सोबत पोरगाही आणतो.

पोरगा आणतो हे महत्त्वाचं, ते बघूनच भंगारवाला निवडा. माझ्याकडे आलेल्याला मी वय विचारलं तर तो गप्प, भंगारवालाच म्हणाला, "पंदरा का है साब, दिखता छोटा है." असेल. आपण काय जन्मदाखला मागणार आहोत का. पण हुशार हो! मी चष्मा शोधेपर्यंत त्याने लॅपटॉप मांडीवर पालथा घातला, स्क्रू काढले, आतली रॅमची पट्टी उपटली, तिच्या सोनेरी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि भंगारवाल्याला म्हणाला, "गोल्ड है चाचा." आमच्या चिरंजीवांना त्या वयात स्वतःच्या दप्तरातली पट्टी सापडत नव्हती. त्याच्या बोटांची टोकं पिवळी होती, मला वाटलं हळद असेल, बायको म्हणाली हळद धुतल्यावर जाते.

असो, मुद्दा भावाचा. तो साडेतीनशे म्हणाला, मी पाचशे म्हणालो, मग मी उगाच दार लोटल्यासारखं केलं, साडेचारशेला तुटलं. शंभर रुपये जास्त! आता काही अतिशहाणे विचारतात की कारखानेवाला उलट पैसे मागतो आणि भंगारवाल्याला देणं परवडतं कसं. परवडतं कारण कारखान्याला धूर ओढायची यंत्रणा लागते, सांडपाण्याची टाकी लागते, हातमोजे, मास्क, पीएफ, सतरा भानगडी. गल्लीत चहा-खारीत काम होतं. तुमच्या हातात पडलेले ते वरचे शंभर तिथूनच येतात, त्यामुळे घासाघीस करताना संकोच बाळगू नका.

माल पुढे कुठे जातो हे विचारायची गरज नाही, तरी हौस असेल तर सांगतो. मुंबईत कुर्ला, साकीनाक्याच्या गल्ल्या, देशातला सगळ्यात मोठा बाजार म्हणाल तर दिल्लीचा सीलमपूर, आणि सर्किट बोर्डांसाठी मुरादाबाद, तेच पितळेच्या भांड्यांचं. तिथे डबा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या मानेवर हातोडीचा एक ठोका घालतात, फुस्स करून हवा आत शिरते, मग तांब्याची कॉइल काढून घ्यायची आणि शिशाची काच राहते तिथेच. वायरी पेटवायच्या, प्लास्टिक काळा धूर होऊन जातं, तांबं उरतं. बोर्ड आचेवर धरायचा, शिशाचा डाग वितळला की आपटून चिप्स वेगळ्या करायच्या, म्हणजे आपण पापड भाजतो तसंच, फक्त खायचं नाही, हुंगायचं. आणि सोनं काढायला तेजाब. नायट्रिक ॲसिड कातडीला लागलं की कातडी पिवळी पडते, हे मला नंतर कळलं, तोवर हळदीचा विषय घरात मिटला होता.

जपान्यांनी टोकियो ऑलिम्पिकची सगळी पदकं जुन्या वस्तूंमधल्या धातूतून केली, 62 लाखांवर फोन गोळा केले, 32 किलो सोनं काढलं. केवढा तो खटाटोप आणि केवढे ते कारखाने. आपल्याकडे हेच काम प्लास्टिकच्या टबात उकिडवं बसून होतं, आणि वर त्याची जाहिरातही करत नाही आपण.

मुरादाबादला तर बोर्ड जाळलेली राख दळून रामगंगेच्या काठावर धुतात, धातू खाली बसतो, बाकी नदी घेऊन जाते. 2017 मध्ये हरित लवादाने काठावर ही घाण टाकणाऱ्यांना एक लाख दंड लावला. नदीसाठी एक लाख हं. पोराचा रेट वेगळा आहे, बालकामगार ठेवला तर 20 ते 50 हजार दंड, सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा दोन्ही. माझा फोन 54 हजारांचा आहे, हप्ते चालू आहेत, म्हणून ही तुलना लक्षात राहिली.

कायद्याची भीती दाखवणारे भेटतील. त्यांना शांतपणे सांगा की 1986 चा कायदा 2016 मध्ये सुधारलाय, 14 च्या आतल्याला कामावर ठेवायचं नाही, 18 पर्यंत घातक कामाला लावायचं नाही, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात हातभार लावायला मुभा आहे. धंदा घातक नसावा अशी अट आहे खरी, पण ती बघायला त्या गल्लीत कोण जातंय, आणि तिथला प्रत्येक मालक प्रत्येक पोराचा चाचाच असतो, मघाशी ऐकलंत ना. ई-कचऱ्याचे नियमही 2011 ला आले, 2016 ला नवे आले, 2022 ला परत नवे आले. नियम एवढ्यांदा बदलले, पोरंही बदलली असतील, आधीची आता चाचा झाली असतील.

आकडे मात्र कुणी काढून ठेवू नयेत, उगाच जेवण जात नाही. असोचॅम म्हणजे उद्योगवाल्यांचीच संघटना, त्यांनीच काही वर्षांपूर्वी अंदाज दिला होता की देशात 10 ते 14 वयाची साडेचार लाख मुलं या कामात आहेत. आणि डब्ल्यूएचओ म्हणते पोटात गेलेलं शिसं लहान मुलाचं शरीर मोठ्यापेक्षा चार-पाच पट जास्त शोषून घेतं. आपण मुलांना च्यवनप्राश देतो तो अंगी लागत नाही म्हणून रडतो, बघा, लागणाऱ्या गोष्टी लागतात.

आमच्या सोसायटीने मात्र यंदा आदर्श घालून दिला. ई-वेस्ट ड्राईव्ह ठेवली, बॅनर, सेल्फी पॉइंट, मुलांची "पृथ्वी वाचवा" चित्रकला स्पर्धा, क्लबहाऊसमध्ये कीबोर्डांचा ढीग. मग सेक्रेटरींनी दोन कोटेशन मागवली, एकाने वाहतूक खर्च मागितला, दुसरा म्हणाला रोख चार हजार देतो. कमिटीत एकमत व्हायला दोन मिनिटं लागली, पार्किंगच्या विषयावर तीन वर्षांत झालेलं नाहीये. रविवारी टेम्पो आला, मागे दोन पोरं, एकाच्या अंगात शाळेचा शर्ट होता, खिशावरचं नाव उसवलेलं. चित्रकलेत दुसरा नंबर आलेली मुलगी गॅलरीतून त्यांना हात करत होती, आईने आत घेतलं, ऊन फार होतं.

12 जूनला बालकामगारविरोधी दिन असतो, तेव्हा स्टेटस टाकायला विसरू नका. फोटो जुन्या फोनवर फाटतात, त्याआधी एक्सचेंज ऑफर बघून घ्या.

माझ्या ड्रॉवरमध्ये अजून तीन फोन आणि एक टॅब आहे, टॅबची काच तडकलीय पण बोर्ड चांगला असणार. रविवारी येतो म्हणालाय. या वेळी सहाशेच्या खाली सोडायचे नाहीत.