खुलासा: सिजिल म्हणजे आपलं यंत्र नव्हे

मंगळवारी सांगलीच्या आमच्या ग्रुपवर मीच टाकलेला मेसेज आता साताऱ्यापर्यंत फिरतोय: ‘इच्छा लिहा, पुन्हा आलेली अक्षरं खोडा, उरलेल्यांची आकृती काढा. हे सिजिल म्हणजे आपली प्राचीन तांत्रिक यंत्रविद्या.’ शेवटचं वाक्य चूक आहे. मी न तपासता पाठवलं, माफ करा.

ही पद्धत लंडनचे चित्रकार ऑस्टिन ऑस्मान स्पेअर (१८८६–१९५६) यांची. १९१३ साली स्वतःच प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी ती मांडली. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या ‘केऑस मॅजिक’ या नव्या जादू-पंथाच्या लोकांनी ती उचलून धरली.

वहीत करून पाहिलं. ‘मला नोकरी मिळो’ यातून म, ल, न, क, र, ळ एवढी व्यंजनं उरली. त्यांची गुंफण ज्याची त्याची वेगळी होणार. श्रीयंत्राचं तसं नाही: एकमेकांत गुंतलेले ९ त्रिकोण, मांडणी ठरलेली, मग सांगलीत काढा नाहीतर काशीत. मंत्रही गुरूकडून जसाच्या तसा घ्यायचा असतो; सिजिलवाले उरलेल्या अक्षरांचा स्वतःच मंत्र जुळवतात, आणि नंतर मूळ इच्छा विसरून जा म्हणतात!

कुणाला करायचं तर खुशाल करावं. पण आजीच्या देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या यंत्राशी त्याचं नातं जोडू नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर तिथेच हा खुलासा टाका.