‘फॅनी हिल’वरचा तो फॉरवर्ड

सिनेमावेड्यांमध्ये एक मजकूर वरचेवर फिरतो: ‘स्वीडनमध्ये सेन्सॉर नव्हता, म्हणून १९६८ साली तिथं ‘फॅनी हिल’ या इंग्रजी कादंबरीवर जसाच्या तसा सिनेमा निघाला. शिव्यांनी भरलेलं पुस्तक, तेही तुरुंगात खरडलेलं. आपला काय संबंध?’ चार ओळी आहेत, पण धड एकही नाही.

आधी सेन्सॉर. स्वीडनचं सरकारी चित्रपट परीक्षण मंडळ १९११ सालचं, म्हणजे आपल्या सेन्सॉर बोर्डाच्या कितीतरी आधीचं. दिग्दर्शक विल्गोत शोमानच्या ‘४९१’ या स्वीडिश सिनेमावर १९६३ साली या मंडळाने बंदीच घातली होती, पुढे कात्री लावून सरकारने तो सोडला. प्रौढांचे सिनेमे कापायचा अधिकार थेट २०११पर्यंत शाबूत होता.

‘जसाच्या तसा’ हेही खोटं. दिग्दर्शक मॅक आल्बर्गने अठराव्या शतकातलं लंडन सोडून गोष्ट सरळ आपल्या काळातल्या स्वीडनमध्ये आणली. (घोडागाड्या नि घोळदार झग्यांचा खर्च वाचला, हा माझा आगाऊ तर्क.) सिनेमा थोर आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याला पुस्तक भेटायचंय त्याने पुस्तकच वाचावं.

आणि शिव्या? जॉन क्लेलंडच्या या कादंबरीत, १७४८-४९च्या दोन्ही भागांत, एक ग्राम्य शब्द सापडत नाही. प्रसंग उघडेवाघडे आहेत, भाषा मात्र सगळी आडवळणाची, रूपकांची. लावणी ऐकलेल्याला ही रीत परकी वाटू नये. लिव्हरपूलजवळच्या खेड्यातली फॅनी, आईवडील देवीच्या रोगाने गेलेले, लंडनला नोकऱ्या लावून देणाऱ्या कचेरीत येते. तिथे एक पन्नाशीची, लालबुंद चेहऱ्याची जाडी बाई बसलेली. ऐन उन्हाळ्यात अंगावर मखमली झगा. हिच्या घरी काय चालत असेल, ते वाचकाला तो झगाच सांगतो. पोरीला कळत नाही. हे खरडणाऱ्याचं काम नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६६ साली पुस्तक अश्लील ठरवायला नकार दिला.

तुरुंगाची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. कर्ज थकलं म्हणून क्लेलंड लंडनच्या फ्लीट तुरुंगात होता, आणि पुस्तक त्याच काळात छापून आलं. पण लिखाणाची सुरुवात तिथली नसावी. म्हातारपणी त्याने जेम्स बॉस्वेल या लेखकाला सांगितलं की अश्लील शब्द न वापरताही असं लिहिता येतं, हे एका मित्राला दाखवायला त्याने ते विशीतच लिहिलं होतं. कुठे? मुंबईत!

ईस्ट इंडिया कंपनीत १७२८ साली शिपाई म्हणून लागलेला हा माणूस मुंबई कौन्सिलच्या सेक्रेटरीपदापर्यंत चढला आणि बारा-एक वर्षं इथेच राहिला. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा ‘फॅनी हिल’चा लेखक खाडीअलीकडे कंपनीचे कागद सांभाळत होता.