सगळेच आत गेल्यावर

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात शेख हसीना यांची राजवट कोसळली. त्यानंतर मुहम्मद युनूस यांच्या हंगामी सरकारात पर्यावरणाचे खटले लढवणाऱ्या सय्यदा रिझवाना हसन, मानवी हक्कांसाठी तुरुंगात गेलेले आदिलूर रहमान खान आणि विद्यार्थी नेते नाहिद इस्लाम सल्लागार, म्हणजे मंत्र्यांच्या दर्जाचे, झाले, तेव्हापासून मुंबईतल्या माझ्या समाजवादी मित्रमंडळींत एक जुना वाद पुन्हा सुरू आहे. चळवळीतल्या माणसाने मंत्रिपद घ्यावे का? आणीबाणी उठल्यावर, १९७७ मध्ये, कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, तर मृणालताई गोरे यांनी मोरारजी देसाईंनी देऊ केलेले आरोग्यमंत्रिपद नाकारले. वाद या दोन नावांभोवती फिरतो आणि अखेर कोणाचा त्याग मोठा यावर येऊन थांबतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गमध्ये राहून मला हा प्रश्न अपुरा वाटू लागला आहे, कारण इथे एकेकटी माणसे नव्हे, तर चळवळीची जवळजवळ सगळी पहिली फळीच सरकारात गेली. वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध १९८३ मध्ये उभी राहिलेली युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट, जिच्यात वस्त्यांमधल्या नागरी समित्या, चर्च, विद्यार्थी आणि स्त्रियांच्या संघटना एकत्र आल्या होत्या, ती १९९१ मध्येच विसर्जित झाली. ‘कोसाटू’ या कामगार महासंघाने १९९४ च्या निवडणुकीसाठी आपले वीस नेते नेल्सन मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या यादीत दिले. परदेशी देणगीदारांचा पैसाही संस्थांकडून नव्या सरकारकडे वळला. महासंघाचे सरचिटणीस जय नायडू पुनर्निर्माण कार्यक्रमाचे मंत्री झाले, पण ते कार्यालय १९९६ मध्ये बंद झाले, आणि त्याच वर्षी फ्रंटमधूनच पुढे आलेले अर्थमंत्री ट्रेव्हर मॅन्युएल यांनी काटकसरीचे आर्थिक धोरण आणून ते वाटाघाटीपलीकडचे असल्याचे जाहीर केले. कामगार संघटनांनी विरोध केला, परंतु समोर कालचेच सहकारी होते, आणि ज्यांनी तो विरोध पेलायचा त्यांतले अनेक अनुभवी लोक आता संसदेत होते.

याची किंमत एड्सच्या साथीत दिसली. गरोदर स्त्रियांकडून बाळाला होणारा संसर्ग रोखणारे नेव्हिरापिन हे औषध सरकारने अठरा प्रायोगिक केंद्रांपुरते मर्यादित ठेवले होते. ते सर्वत्र मिळावे म्हणून ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन या १९९८ मध्ये स्थापन झालेल्या, उपचारांच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेला संविधान न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि निकाल तिच्या बाजूने ५ जुलै २००२ रोजी लागला. तिचे नेते झॅकी अखमत सत्ताधारी पक्षाचेच होते, तरी त्यांनी स्वतःच्या सरकारला न्यायालयात खेचले. जी संघटना हे करू शकली ती नव्याने उभारावी लागली, आणि त्या दरम्यान जन्मलेल्या बाळांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून सरकारात जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. कायदा लिहिणारा हात वस्ती ओळखणारा असावा, हे मला मनापासून पटते. मात्र जाण्याआधी मागे कोण राहणार, संघटनेचा पैसा कोठून येणार आणि मंत्री झालेल्या सहकाऱ्याविरुद्ध याचिका कोण दाखल करणार, हे ठरलेले हवे. गोरेगावात वाढलेल्या मला मृणालताईंचा नकार म्हणूनच केवळ त्यागाचा वाटत नाही: पुढे दिंडोशीत त्यांच्या नागरी निवारा परिषदेची हजारो घरे उभी राहिली, ती बाहेर टिकून राहिलेल्या संघटनेच्या बळावर.

नाहिद इस्लाम यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये पद सोडून नव्या पक्षाची धुरा घेतली, यावर मुंबईत पुष्कळ बोलले गेले. रिझवाना हसन पर्यावरणाचे खटले लढवणाऱ्या वकिलांच्या ज्या ‘बेला’ संस्थेच्या प्रमुख होत्या, तिचे वकील त्या सल्लागार असताना त्यांच्याच मंत्रालयाविरुद्ध तितक्याच जोमाने उभे राहू शकत होते का, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत अजून कोणी विचारलेला नाही.