तीनपैकी एक शब्द मोडा, पण बोला

(हे लिहिलं एप्रिल 2019 मध्ये; यातलं 'आता' आणि 'आज' तेव्हाचं.) गुरुवारी ब्रिटिश संसदेचं छत गळलं. चर्चा चालू असताना वरून पाणी यायला लागलं आणि कामकाज गुंडाळावं लागलं. आमच्या ऑफिसात एकजण म्हणाला, चला, संसदेतून काहीतरी बाहेर पडलं एकदाचं.

हसून झाल्यावर मात्र चीड येते. 29 मार्च 2019 च्या रात्री 11 वाजता ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडणार, म्हणजे ब्रेक्झिट होणार, असं कायद्यात लिहिलं होतं. (11 का, तर युनियनचं मुख्यालय असलेल्या ब्रसेल्समध्ये तेव्हा रात्रीचे 12 वाजतात. सुटकेचा मुहूर्तसुद्धा त्यांच्याच घड्याळाचा!) ती तारीख गेली. आता नवी तारीख 12 एप्रिल. पंतप्रधान थेरेसा मे बाईंनी परवा युनियनला पत्र लिहून 30 जूनपर्यंत मुदत मागितली आहे. मिळेल की नाही ते बुधवारी उरलेले 27 देश ठरवणार. ज्यांना आपला कारभार आपल्या हातात हवा होता, त्यांचं भवितव्य आज दुसऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर आहे.

बाहेर पडण्याच्या अटी ठरवणारा बाईंचा युरोपशी झालेला करार जानेवारीत संसदेत 432 विरुद्ध 202 मतांनी आपटला. सरकारचा एवढा मोठा पराभव त्या सभागृहाने कधी पाहिला नव्हता. मग 12 मार्चला पुन्हा हार, 29 मार्चला पुन्हा. करार नको तर काय हवं ते सांगा, म्हणून खासदारांनी स्वतःच 8 पर्याय मतदानाला ठेवले आणि आठही पाडले. गेल्या सोमवारी त्यातले 4 पुन्हा आणले, तेही पडले. कस्टम्स युनियनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक जकातव्यवस्थेत, राहण्याचा ठराव फक्त 3 मतांनी गेला. तो निकाल ऐकून निक बोल्स हे खासदार उठले आणि आपला पक्ष तडजोड करायलाच तयार नाही म्हणत तिथल्या तिथे बाईंचा हुजूर पक्ष सोडून निघून गेले. बुधवारी एका दुरुस्तीवर 310-310 अशी बरोबरी झाली. 1993 नंतर पहिल्यांदाच. सभापती बर्को साहेबांनी आपलं मत टाकून ती कोंडी फोडली, म्हणजे दुरुस्ती पाडली!

इथले ब्रिटिश पेपर म्हणतात, खासदार नालायक आहेत. मला ते पटत नाही. घोळ मतदानात नाही. तो त्याच्या आधीच दिलेल्या तीन वचनांत आहे, आणि ती तीन एकत्र पाळताच येत नाहीत.

पहिलं वचन, आपण युरोपच्या सिंगल मार्केटमधून (सगळ्या देशांच्या मालाला एकच नियम असलेल्या बाजारातून) आणि कस्टम्स युनियनमधून बाहेर पडणार. दुसरं, आयर्लंड (युनियनमध्येच राहणारा वेगळा देश) आणि उत्तर आयर्लंड (ब्रिटनचा भाग) यांच्यामध्ये नाके, तपासणी, कुंपण असं काही उभं राहणार नाही. तिसरं, उत्तर आयर्लंड आणि उरलेलं ब्रिटन यांच्यातही कसलीच सीमा येणार नाही. आता सांगा, दोन देशांचे जकातीचे नियम वेगळे झाले, तर माल कुठेतरी तपासावा लागणारच ना? जमिनीवर नाही, समुद्रात नाही, मग काय आकाशात?

आयर्लंडमधली ती साधारण 500 किलोमीटरची सीमा शेतांतून आणि गल्लीबोळांतून जाते. उत्तर आयर्लंड ब्रिटनचं की आयर्लंडचं यावरून झालेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. 1998 च्या शांतता करारानंतर नाके गेले, चौक्या गेल्या. ते परत आणायची कुणाची छाती नाही, आणि नसावीच. म्हणून तर करारात ते 'बॅकस्टॉप' घातलं: दुसरी सोय होईपर्यंत अख्खं ब्रिटन युरोपच्या जकातव्यवस्थेत राहील, आणि उत्तर आयर्लंड शिवाय मालाचे काही युरोपीय नियमही पाळेल. ब्रेक्झिटवाल्यांना वाटतं, ही तर कायमची बेडी. उत्तर आयर्लंडने ब्रिटनशीच जोडून राहावं म्हणणाऱ्या तिथल्या डीयूपी पक्षाला वाटतं, आपल्याला वेगळे नियम म्हणजे आपण परके झालो. त्या पक्षाचे खासदार अवघे 10, पण सरकार टिकलंय त्यांच्याच टेकूवर. कारण 2017 मध्ये बाईंनी मध्यावधी निवडणूक घेऊन होतं ते बहुमतही घालवलं. हात दाखवून अवलक्षण. आधीचे पंतप्रधान कॅमेरून यांनी 2016 मध्ये ब्रेक्झिटचं सार्वमत घेऊन तेच केलं होतं, आणि निकालाच्या सकाळीच राजीनामा देऊन मोकळे झाले.

तीनपैकी एक शब्द मोडावा लागणार, हे वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे संसदेत, सगळ्यांना ठाऊक आहे. मोडा ना! कोणता मोडला ते लोकांना सांगा, शिव्या खा. पण ते वाक्य आपल्या तोंडून निघू नये म्हणून सगळे घड्याळाकडे बघत बसलेत. 20 मार्चला बाई टीव्हीवर आल्या आणि मी तुमच्या बाजूची आहे, दोष संसदेचा, असं जनतेला सांगून गेल्या. विरोधी लेबर पक्षाचे नेते कॉर्बिन आता त्यांच्याशी चर्चेला बसलेत, पण त्यांना दुसरं सार्वमत हवंय की नको हे त्यांच्याच पक्षाला नीट सांगता येत नाही. साठ लाखांवर लोकांनी कलम 50, म्हणजे बाहेर पडण्याची नोटीस, मागे घ्या म्हणून ऑनलाइन सह्या केल्या. सरकारने नम्रपणे नकार कळवला.

मी राहतो इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये. इथे गोव्याची पुष्कळ माणसं आहेत. 1961 पूर्वी पोर्तुगीज राजवटीत आई-वडील, आजी-आजोबा जन्मले, म्हणून पोर्तुगालचा पासपोर्ट, आणि त्या पासपोर्टवर इथल्या गोदामांत, कारखान्यांत नोकरी. आता गंमत बघा. 2016 च्या सार्वमतात मी मत दिलं, भारतीय पासपोर्टवर, कारण कॉमनवेल्थच्या नागरिकांना तो हक्क होता. पोर्तुगीज पासपोर्टवाल्या मडगावच्या माझ्या शेजाऱ्याला नव्हता. ज्याचं सगळं पणाला लागलेलं, तो खिडकीतून बघत बसला, आणि वर्क व्हिसावर आलेला मी रांगेत उभा. मी रिमेनला, म्हणजे युनियनमध्ये राहण्याला, मत दिलं, पण त्याने काय होतंय? स्विंडनने लीव्हलाच, म्हणजे निघण्यालाच, कौल दिला. फेब्रुवारीत होंडाने इथला कारखाना 2021 मध्ये बंद करणार म्हणून सांगितलं, साडेतीन हजार नोकऱ्या. कंपनी म्हणते याचा ब्रेक्झिटशी संबंध नाही. असेलही तसं. पण बसस्टॉपवर लोक तसं बोलत नाहीत.

तिकडे निफाडहून माझा मामेभाऊ इकडे ब्रिटनला द्राक्षं पाठवतो. यंदाचा त्याचा माल बोटीवर चढला तेव्हा ब्रेक्झिटची एक तारीख होती, उतरेल तेव्हा दुसरी. कागद कोणते लागतील असं तो मला विचारतो. मी त्याला काय सांगू, इथल्या मंत्र्यालाच माहीत नाही.

नागपूर-चंद्रपूरला गुरुवारी लोकसभेचं मतदान आहे, म्हणून काल पाडव्याला आमच्या मित्रांत वाद रंगला: आपली लोकशाही बरी की यांची. मला त्या वादात रस नाही. दोन्हीकडे लोक खुशाल मत देतात. पण इथे 51.9 टक्क्यांनी 'निघा' सांगितलं आणि 'कसं' हे कुणी विचारलंच नाही. मग आता दुसऱ्यांदा विचारायला का घाबरता? यावेळी प्रश्नासोबत किंमतही छापा: हा करार, करारावाचून बाहेर, की आहोत तिथेच. जे येईल ते मुकाट्याने मान्य करू, मीसुद्धा.

बुधवारी काहीही ठरो, स्विंडनच्या गोवेकरांनी सेटल्ड स्टेटसचा, म्हणजे ब्रेक्झिटनंतरही इथे राहण्याच्या हक्काचा, अर्ज थांबवू नये. योजना 30 मार्च 2019 पासून सर्वांना खुली झाली आणि फीही रद्द झाली. पासपोर्ट स्कॅन करायचं ॲप एप्रिल 2019 मध्ये आयफोनवर चालत नव्हतं, फक्त अँड्रॉइडवर. माझा फोन अँड्रॉइड आहे. पासपोर्ट आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर घेऊन शनिवारी दुपारी या, आधी मेसेज तेवढा टाका.