पाठीवरचा डबा

पोहायला मी सातवीत शिकलो, आमच्या मळ्यातल्या विहिरीत. शिकलो म्हणजे दादांनी तेलाचा रिकामा डबा पाठीला बांधला, कमरेला दोर लावला आणि काही कळायच्या आत वरून ढकलून दिलं. आठवड्यात डबा सुटला, महिन्याभरात मी मुटके मारायला लागलो. एवढ्या भांडवलावर, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं निमित्त करून, मी अंदमानातल्या हॅवलॉकला (कागदोपत्री २०१८ पासून स्वराज द्वीप) स्कूबा डायव्हिंग करायचं ठरवलं.

हिचं म्हणणं होतं, एकच बुडी मारू. त्यात इन्स्ट्रक्टर धरून फिरवतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाही. मला ते कमीपणाचं वाटलं. विहिरीच्या तळाचा मूठभर गाळ वर आणून दाखवलेला माणूस मी! म्हटलं, कोर्सच करू. १८ मीटर आणि वर सर्टिफिकेट.

घरी बसून अभ्यासाचे धडे सुरू केले आणि पहिल्याच धड्यात माझी विहीर आटली. नियम असा की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. आमची तर सगळी इज्जत दम धरण्यावर! पण दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथं सिलिंडरमधून छातीभर हवा घेतली आणि दम धरून वर आलात, तर ती वाटेत दुप्पट फुगू बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. (विहिरीत आम्ही वरचीच हवा घेऊन जायचो म्हणून वाचलो, हे पन्नाशीला आल्यावर कळलं.) शिवाय 'मस्त चाललंय' म्हणून अंगठा दाखवायचा नाही. त्याचा अर्थ 'वर चला'. व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर अंगठेच वाटणाऱ्या माणसानं काय करायचं?

मग आरोग्याचा फॉर्म आला. पंचेचाळिशी उलटली आहे का, आणि कोलेस्टेरॉल वाढलंय का? दोन्ही हो. म्हणजे डॉक्टरांची सही आली. आमच्या डॉक्टरांनी फॉर्म दोनदा वाचला.

"खाली काय बघायचंय?"

"मासे. प्रवाळ."

"मासे बाजारात बघा की." मग माझ्या पोटाकडे बघत, "आणि हे बुडणार कसं?"

चौकशी केली तर प्रश्न रास्त निघाला. चरबी तरंगते, म्हणून कमरेला शिसं बांधतात. जेवढं पोट, तेवढं शिसं जास्त. डॉक्टरांनी सही केली नाहीच, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट लिहून दिली.

डाइव्ह सेंटरच्या मुलानं फोनवर उंची, वजन, बुटाचा नंबर, चष्म्याचा नंबर विचारला. मग जरा घुटमळत, "सर, मूंछ है?"

मिशीखालून मास्कमध्ये पाणी शिरतं म्हणे. काढा, नाहीतर व्हॅसलिन चोपडा. ही शेजारून म्हणाली, "काढाच. पंचवीस वर्षांत तुमचा वरचा ओठ बघितला नाही मी." मी व्हॅसलिनची मोठी डबी आणली.

परतीचं विमान मी शेवटच्या बुडीच्याच दिवशीचं काढून बसलो होतो. अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, म्हणून एकापेक्षा जास्त बुड्या मारल्या की निदान १८ तास उडायचं नसतं. पैसे भरून तारीख बदलली. वाढलेला दिवस सेल्युलर जेलसाठी राखून ठेवला. ते न बघता परतलो असतो तर दादांनी उंबरा ओलांडू दिला नसता.

काल गावी फोन करून त्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"म्हंजी पाठीला परत डबाच बांधायचा."

"डबा नाही दादा, सिलिंडर. त्यात हवा असते."

"आपल्या डब्यात काय हुतं मग?"

यावर मला उत्तर सुचलं नाही.

"आन् दोर कोण धरणार?"

म्हटलं, दोर नसतो. पाण्यात जोडीनं उतरायचं आणि एकमेकांवर लक्ष ठेवायचं. माझ्या जोडीला ही आहे.

दादा जरा थांबले. "तिला पवायला येतं?"

"माझ्यापेक्षा चांगलं."

"मग जा."